पानाची कुळकथा

‘पुस्तकाचे पान’ म्हणताना आपण झाडाचेच नाव घेत असतो. कागद येण्याआधी ताडाच्या पानावर लिहीत, पानांना भोक पाडून ती दोरीत ओवीत. ‘ग्रंथ’ शब्दातही गाठ आहेच. पुढे कागद आला, ताड गेला, पान मात्र राहिले. भोकाची गरज सरल्यावरही कागदी जैन पोथ्यांत मधोमध जागा मोकळी सोडून तिथे तांबडा ठिपका देत. नवे साधन जुन्याची खूण जपतच घरात येते. त्यामुळे ई-पुस्तकाला होणारा विरोध म्हणजे निव्वळ जुनाटपणा, असे म्हणून भागत नाही. विरोध बहुधा नव्यापुढे अटी मांडत असतो.

1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हाची अट होती सोवळ्याची. शाईत जनावराची चरबी असते, म्हणून सनातनी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. त्यावर शाईत तूप वापरल्याचे सांगतात. पुढे धार्मिक ग्रंथही आडव्या, सुट्या पानांच्या पोथीरूपातच छापले गेले. छपाई रुजली ती स्वस्ताईमुळे, तशीच या तडजोडीमुळे.

कोणी म्हणेल, तेव्हाचे सोवळे सुटले, तसा आजचा कागदाचा मोहही सुटेल. कागदाच्या वासापुरते हे खरे आहे. पण सगळे आक्षेप वासाचे नाहीत. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकत घेतलेले पुस्तक ट्रंकेतून असे कोणी नेत नाही. 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली. त्यांची मालकी कोणाची, हा प्रश्नही सोबत आला.

नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीकडून पाहिले तर वाद आणखी वेगळा दिसतो. सातपुड्यातल्या भिली, पावरी या बोली तोंडी परंपरेत वाढल्या; तिथे छापील पुस्तक हाच उशिरा आलेला पाहुणा, आणि तोही शाळेतून, बहुधा प्रमाण मराठीत बोलणारा. डोंगरातल्या पाड्यांवर रेंज आणि वीज यांचा भरवसा नाही, छापील पुस्तकाला मात्र दिवसाचा उजेड पुरतो. मग ई-पुस्तक तिथे निरुपयोगीच का? तसे नाही. थोड्या वाचकांच्या बोलीत हजार प्रती छापणे परवडत नाही. ई-पुस्तकाची पुढची प्रत जवळपास फुकट पडते. शिवाय अक्षरासोबत आवाजही ठेवता येतो. मुखावर जगलेल्या बोलीला छापील पानापेक्षा हे जवळचे.

अट एवढीच, की एकदा उतरवून घेतलेले पुस्तक रेंजशिवाय उघडावे, दुसऱ्याला देता यावे आणि वाचकाच्या हातातून कोणी काढून घेऊ नये. ई-पुस्तकाच्या शाईतले तूप ते हेच.