अर्ध्या सेकंदाच्या आत

१९७२ सालचा फेब्रुवारी महिना. कॅलिफोर्नियातलं पालो अल्टो. तुम्ही इंजिनियर आहात आणि तुमच्या टेबलावर स्लाइडरूल पडलेली आहे. कॉलेजपासून तीच तुमच्या सोबतीला आहे. ती साधारण तीन आकडे देते, शेवटचा अंदाजाने वाचायचा आणि दशांशचिन्ह कुठे पडतं ते डोक्यात ठेवायचं. जास्त अचूक उत्तर हवं असेल तर लॉगची टेबलं उघडायची, नाहीतर ऑफिसातल्या मोठ्या यंत्रापाशी नंबर लावायचा. ह्युलेट-पॅकार्डचं ९१००ए हे तसंच एक यंत्र. १९६८ साली आलेलं, ४,९०० डॉलरचं, अठरा किलोंचं, टेबल अडवून बसणारं.

आज त्याच कंपनीची नवी वस्तू तुमच्यासमोर आहे. उचला. जेमतेम पाव किलो भरेल. कंपनीचे सहसंस्थापक बिल ह्युलेट यांनी आपल्या इंजिनियरांना सांगितलं होतं की ९१००ए चं काम करणारं यंत्र मला शर्टाच्या खिशात हवंय. बाजाराचा अंदाज घेणाऱ्यांनी बजावलं, इतक्या किमतीला हे कोण घेणार? ह्युलेट यांनी तरीही ते करायला घेतलं. यंत्राला पस्तीस बटणं आहेत, म्हणून नाव एचपी-३५. किंमत ३९५ डॉलर. आजच्या, म्हणजे १९७२ च्या दराने सुमारे तीन हजार रुपये.

डावीकडचा खटका सरकवा. लाल आकडा उजळतो. हे दिवे इतके बारीक आहेत की प्रत्येक आकड्यावर प्लास्टिकचं इवलंसं भिंग बसवलेलं आहे, त्यामुळे समोरून बघितलं तरच नीट वाचता येतं. एक बटण दाबून बघा. ते आधी थोडा विरोध करतं आणि मग एकदम बसतं. नजर कागदावर असली तरी बटण दाबलं गेलंय हे बोटाला कळतं.

बरोबरचं चिन्ह शोधू नका, ते नाहीच. त्याच्याऐवजी डाव्या हाताला एक लांबट बटण आहे, एंटर. तीन अधिक चार, गुणिले पाच अधिक सहा, असं गणित करायचंय समजा. तीन, एंटर, चार, अधिक. सात दिसले. आता पाच, एंटर, सहा, अधिक. अकरा दिसले. मघाचे सात कुठे गेले? कुठेही नाही, ते मागच्या घरात थांबलेत. गुणाकार दाबा. सत्त्याहत्तर. आत एक्स, वाय, झेड, टी अशी चार घरं आहेत. नवा आकडा आला की जुने एकेक घर मागे सरकतात आणि क्रिया दाबली की पुढच्या दोघांचा हिशेब होऊन मागचे पुढे येतात. कंस लागत नाही आणि मधली उत्तरं कागदावर उतरवून ठेवावी लागत नाहीत. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी कंसाशिवाय लिहिण्याची रीत शोधली होती, ही तिचीच उलटी बाजू.

आता तीस टाका आणि साइन दाबा. उत्तर यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद इथेच थांबवा आणि आत उतरा.

आत पाच मुख्य चिप आहेत. त्यातल्या तिघींत सगळा कार्यक्रम कोरलेला आहे: प्रत्येकीत २५६ आज्ञा, एकूण ७६८. एका आज्ञेला २८० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदात अठराशेच्याही आतच. गुणाकाराचं वेगळं मंडल इथे नाही. साइनचं कोष्टकही नाही, त्याला जागाच नाही. या यंत्राला बेरीज येते, वजाबाकी येते आणि आकडे एक घर बाजूला सरकवता येतात. एवढ्या भांडवलावर त्याला तीस अंशांचा साइन काढायचाय.

त्याच्याजवळ मोजके कोन लिहून ठेवलेले आहेत: ज्यांचा टॅन १, ०.१, ०.०१, ०.००१ आणि ०.०००१ येतो ते. अंशांत सांगायचं तर ४५, ५.७१०६, ०.५७२९, ०.०५७३ आणि ०.००५७३. दुकानदार सुट्टे देताना मोठ्या नोटेपासून सुरुवात करतो, तसं बघा. पंचेचाळीस तिसात बसत नाहीत. ५.७१०६ पाच वेळा बसतात, उरले १.४४७०. ०.५७२९ दोन वेळा, उरले ०.३०१२. पुढचा पाच वेळा, त्याच्या पुढचा दोन वेळा. हाताशी उरला नखाएवढा कोन, ०.००३२ अंश. इतक्या लहान कोनाचा टॅन म्हणजे रेडियनमध्ये मोजलेला तो कोनच.

आता परतीची वाट. दोन आकडे घ्या: वाय म्हणजे हा उरलेला लहान कोन, रेडियनमध्ये, आणि एक्स म्हणजे १. मघाशी जो कोन जितक्या वेळा वजा केला, तितक्या वेळा एकच काम करायचं: त्या कोनाच्या टॅनमध्ये दशांशचिन्हापुढे जितकी घरं, तितकी घरं एक्सचे आकडे उजवीकडे सरकवून वायमध्ये मिळवायचे आणि जुन्या वायचे तसेच सरकवून एक्समधून वजा करायचे. लहान कोनापासून मोठ्याकडे, दोन, पाच, दोन, पाच. सगळं झालं की वायला एक्सने भागायचं. भागाकार म्हणजे तरी काय, पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकीच. ०.५७७३५०२६९२ आले. हा तीस अंशांचा टॅन. त्यावरून साइन काढायला एक वर्गमूळ आणि आणखी एक भागाकार पुरतो.

आता वेळ सुरू होऊ द्या. पडद्यावर .५ उमटतं.

ही युक्ती आली कुठून हे बघायला आणखी मागे चला, १९५० च्या दशकात, टेक्सासमधल्या कॉन्व्हेअर कंपनीत. बी-५८ या बॉम्बफेकी विमानाला दिशा दाखवणारं यंत्र सुधारायचंय आणि जॅक व्होल्डर सरकवणं आणि मिळवणं एवढ्यावर कोन फिरवण्याची रीत बसवताहेत. १९५९ साली त्यांनी ती कॉर्डिक या नावाने प्रसिद्ध केली. पालो अल्टोमध्ये डेव्हिड कोचरन यांनी त्याच जातीची गणितं दशमान आकड्यांवर बेतून त्या ७६८ आज्ञांत बसवली.

बसवताना एक फट राहिलीच. पहिल्या काही यंत्रांत २.०२ टाकून आधी नैसर्गिक लॉग घ्या आणि मग ई या संख्येचा तेवढा घात. परत २.०२ यायला हवेत, येतात नुसते २. चूक सापडली तोवर हजारो यंत्रं लोकांच्या हातात गेली होती. कंपनीने ती लपवली नाही, यंत्र बदलून देण्याची तयारी दाखवली. ज्याच्या उत्तरावर पूल उभे राहणार, ते बनवणाऱ्याने असंच वागायला हवं.

दहा हजार नग खपले तर खर्च निघेल असा हिशेब होता. पहिल्याच वर्षी लाखभर खपले. १९७३ मध्ये हे यंत्र स्कायलॅबच्या अंतराळवीरांबरोबर पृथ्वीभोवती फिरलं, आणि काही वर्षांतच स्लाइडरूलचे कारखाने बंद पडत गेले. खोलीत नंबर लावून मिळणारे दहा आकडे प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात आले, ही त्याची मोठी कमाई.

मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते त्याचं तुटपुंजं भांडवल. त्यात काही गूढ नाही. जागा कमी होती म्हणून माणसांनी इतका बारीक विचार केला की ती रीत एका कागदावर मावते. आता आपल्या काळात परत या, पेन्सिल घ्या आणि पाच, दोन, पाच, दोन हे आकडे धरून तीस अंशांचा टॅन स्वतः काढा. चार घरांपर्यंत नेलात तर ०.५७७४ येईल, आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे तुम्हाला सांगता येईल.