कुंतीची पेटी आणि पँडोराचा रांजण

पुराणकथांमध्ये माणसाच्या कुतूहलाला बहुतेक वेळा शिक्षाच होते, असं आपण धरून चालतो. उदाहरण द्यायचं तर पटकन ग्रीकांची पँडोरा आठवते: तिला राहवलं नाही, तिनं पेटी उघडली आणि सगळी दुःखं जगात पसरली. पण मूळ कथेत खरंच असं आहे का, ते आज आपण पाहू.

ही कथा इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास हेसिअड या कवीनं सांगितली. प्रोमिथियसनं अग्नी चोरून माणसाला दिला, म्हणून झ्यूस चिडला. त्यानं मातीची स्त्री घडवून घेतली आणि प्रोमिथियसचा भाऊ एपिमिथियस याच्याकडे पाठवली. झ्यूसकडून भेट घेऊ नकोस, असं भावानं बजावलं होतं, तरी यानं ती घेतली. पुढे पँडोरानं झाकण काढलं. का काढलं? कुतूहलापोटी, असं हेसिअड कुठंच म्हणत नाही. आणि ती पेटीही नव्हती, धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण होता! १६व्या शतकात इरॅस्मसच्या लॅटिन लेखनात रांजणाची पेटी झाली आणि पुढे तीच रूढ झाली. कुतूहलाचा दोषही पँडोराला नंतरच्यांनीच चिकटवला.

आता आपल्याकडे येऊ. महाभारताच्या आदिपर्वात मात्र कुंतीच्या बाबतीत ‘कौतूहल’ हा शब्द स्पष्ट येतो. दुर्वासांची सेवा करून तिला देवांना बोलावण्याचा मंत्र मिळाला. वनपर्वात ही गोष्ट सविस्तर आहे. मंत्र खरा की खोटा, ही एका मुलीची साधी शंका. तिनं सूर्याला बोलावलं, तो आला. ती म्हणाली, परत जा. तर सूर्यानं शापाची धमकी दिली: तिला, तिच्या वडिलांना आणि मंत्र देणाऱ्यालाही. म्हणजे बघा, विचारायची मोकळीक होती, माघार घ्यायची नव्हती.

कर्ण जन्मला. लोकलाजेपोटी तिनं त्याला मेण लावलेल्या पेटीत ठेवून अश्वनदीत सोडलं. तिथून चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करत ती पेटी चंपानगरीजवळ अधिरथ आणि राधा यांना सापडली. पुढची गोष्ट तुम्हाला पाठच आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की कुतूहलानं एक मूल जन्माला आलं, युद्ध नव्हे. अनर्थ झाला तो झाकून ठेवण्यानं. रंगभूमीवर हा मुलगा अपमान सोसत उभा होता, तेव्हा कुंतीला मूर्च्छा आली, पण ती बोलली नाही. कर्णाशी ती बोलली ती युद्धाच्या तोंडावर. आणि पांडवांना सांगितलं तर्पणाच्या वेळी, गंगेच्या काठी, कर्ण मेल्यावर. यावर शांतिपर्वात युधिष्ठिर काय करतो? स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही, असा शाप देतो! गुपित राहिलं म्हणून भाऊ मेला, आणि दोष पुन्हा बाईच्या माथी.

पँडोराचं झाकण उघडल्यानं दुःख बाहेर पडलं असं ग्रीक सांगतात. महाभारत सांगतं, की पेटी वेळेवर न उघडल्यानंही तेच होतं. तेव्हा पोरांनी प्रश्न विचारला, की ‘नसत्या चौकशा कशाला’ म्हणण्याआधी आपण जरा थांबू या. उत्तर ऐकायला घाबरतोय ते आपणच नाही ना, हे एकदा तपासून पाहू.