वाळवण्याचे यंत्र आणि यवतमाळचे ऊन

आपल्या घरांतून ज्याला सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात ते यंत्र कपडे वाळवत नाही, केवळ पिळते. हा भेद माझ्या ध्यानात आला तो आमच्या यवतमाळच्या घरी, ऐन श्रावणात ते यंत्र बंद पडल्यावर. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी मोटार जळाल्याचा निर्वाळा देऊन नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला होता. मी घरी पोहोचेपर्यंत सत्तरी ओलांडलेली आई महिनाभर चादरी हातांनी पिळत होती. तिची मनगटे सुजली होती, आणि त्याविषयी ती अवाक्षरही बोलली नव्हती.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला आलेला भाव, पुढे त्याच कापसासाठी मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत आलेली अरुंद रुळांची ‘शकुंतला’, हे सारे इतिहासात नोंदले गेले आहे. परंतु हा इतिहास बहुधा बाजाराच्या आवारातच संपतो. त्याच कापसाचे लुगडे होऊन घरात आल्यावर ते कोणी धुतले, कोणी पिळले, पावसाळ्यात कसे वाळवले, याची नोंद कोणी ठेवावी? भिजलेले नऊवारी लुगडे एकटीला पिळवत नाही. दोघींनी दोन टोके धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो. झडीच्या दिवसांत तान्ह्या मुलांचे कपडे निखाऱ्यांवर पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपल्यावर पसरून वाळवीत. ज्यांच्या घरी वरठी येई, त्यांच्या घरचे हे कष्ट दुसऱ्याच्या मनगटांवर जात, इतकेच.

हा पीळ यंत्राकडे सोपवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. सच्छिद्र पिंप वेगाने फिरवून ओल्या कापडातले पाणी बाहेर फेकणारे यंत्र फ्रान्समध्ये 1830 च्या दशकात तयार झाले, ते कापडधंद्यासाठी. थोड्याच वर्षांत साखर व्यवसायाने ते उचलले आणि साखरेच्या दाण्यांपासून मळी वेगळी करण्यासाठी वापरले. उमरखेड तालुक्यातील पोफाळीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा हे तत्त्व आमच्या जिल्ह्यात आले होते, असे म्हणायला हरकत नाही. ते मोरीपर्यंत पोहोचायला मात्र बराच अवधी लागला. एका बाजूला धुण्याचे आणि दुसऱ्या बाजूला पिळण्याचे पिंप असलेली जपानी धाटणीची यंत्रे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत रुळली ती 1980 च्या दशकाच्या अखेरीनंतर.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. थंड प्रदेशातील नॉर्थ डकोटाच्या जे. रॉस मूर यांनी गरम हवेने कपडे वाळवणारे यंत्र सिद्ध केले आणि 1938 मध्ये ते बाजारात आले. तो खरा ड्रायर. आपल्याकडे तो रुजला नाही, यामागे केवळ गरिबी नाही. कापसाच्या धाग्यांमध्ये अडकलेले पाणी फिरवून फेकता येते. आमच्या यंत्राचे पिंप मिनिटाला 1300 हून अधिक फेरे घेते तेव्हा त्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून अधिक ओढ पडते. परंतु तंतूने धरून ठेवलेले पाणी अशा ओढीला दाद देत नाही, त्याला उष्णताच लागते. कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या कापसातही साधारण 8.5 टक्के ओलावा धरलेला असतो. ती उष्णता विजेने निर्माण करणे महाग, आणि यवतमाळच्या उन्हात ती वर्षातले आठ महिने फुकट मिळते.

आता दुरुस्तीविषयी. असे यंत्र बंद पडले की प्रथम कान द्यावा. मुळीच आवाज नसेल तर झाकणाचा स्विच, टायमर किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर तपासावी. मोटार घुमते पण पिंप फिरत नाही, असे असेल तर मोटारीपर्यंत वीज पोहोचते आहे. मग दोष बहुधा कपॅसिटरचा, पिंपाखाली सरकलेल्या एखाद्या रुमालाचा किंवा ब्रेकचा. आमचे यंत्र घुमत होते. म्हणजे जळाल्याचा निर्वाळा घाईने दिलेला होता.

प्लग काढून मी मागचे झाकण उघडले. कपॅसिटरच्या टोकांना हात लावला नाही, कारण वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो. पिंपाचे झाकण मिटले की एका तारेने ब्रेक मागे ओढला जातो आणि पिंप मोकळे होते. झाकण उघडताच ब्रेक पुन्हा आवळतो. आमची तार वर्षानुवर्षांच्या वापराने सैल पडली होती आणि झाकण मिटल्यावरही ब्रेक सुटत नव्हता. ब्रेकचा दांडा हाताने ओढला तेव्हा पिंप सहज फिरले. तारेचा आकडा एक भोक पुढे अडकवला, झाकण बसवले आणि प्लग लावला. पिंप फिरू लागले. खर्च काहीच नाही, वेळ पाऊण तास.

आई पहिली चादर काढायला आली. ती तिने पिंपातून उचलली, सवयीने दोन्ही हातांत धरून पिळू पाहिली, आणि पाणी निघेना तेव्हा हसली. चादर अजून दमट होतीच. बाहेर झड थांबली नव्हती, म्हणून ओसरीतल्या दोरीवर घातली. उघडीप मिळाली की अंगणात नेऊ, असे ती म्हणाली. ती मिळायला आणखी दोन दिवस लागले.