मधलं कोरं वर्तुळ

कॉलेजात रिकर्शन शिकवताना एकच गोष्ट डोक्यात भरवतात: कुठे थांबायचं ते आधी लिहा. नाहीतर स्टॅक भरतो आणि प्रोग्रॅम आडवा होतो. चित्रांमध्येही हा प्रॉब्लेम जुनाच आहे.

१९०४ च्या सुमारास हॉलंडमधल्या ड्रोस्टे कंपनीच्या कोकोच्या डब्यावर एक नर्स आली. तिच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये कप आणि तोच कोकोचा डबा. त्या डब्यावर पुन्हा तीच नर्स, पुन्हा डबा... अशा चित्रांना 'ड्रोस्टे इफेक्ट' हे नाव पडलं ते यावरूनच. पण छापखान्यात अनंत वगैरे चालत नाही. दोन-तीन नर्स झाल्या की उरतो शाईचा ठिपका.

१९५६ मध्ये एशरने (हो, तोच न संपणाऱ्या जिन्यांवाला) 'प्रिंट गॅलरी' हे चित्र केलं. एक तरुण गॅलरीत चित्र बघतोय. त्या चित्रात बंदर, बोट, घरं. घरं फुगत फुगत जातात आणि त्यातल्याच एका घरात निघते तीच गॅलरी, तोच तरुण. म्हणजे बघणाराच चित्राच्या आत! शाळेत गणितात कच्चा असलेल्या माणसाने हे केलं वाकड्या रेघांची जाळी आखून, एकेक चौकोन हाताने उतरवत. मध्यभागी मात्र एक गोल कोरा सोडला आणि तिथे सही केली.

पुढे विमानात बसलेल्या हेन्ड्रिक लेन्स्ट्राला हे चित्र दिसलं. (एलएलएल अल्गोरिदममधले दोन 'एल' लेन्स्ट्रा बंधूंचे, त्यातला एक हा.) त्या कोऱ्या जागेत काय असायला हवं? त्याने आणि बार्ट द स्मिटने २००३ मध्ये उत्तर छापलं. कॉम्प्लेक्स नंबर्स वापरून चित्र 'सरळ' केलं, तर आतली प्रत निघाली २५६ पट लहान. आणि मूळ चित्रातल्या कोऱ्या जागेत काय? तेच चित्र, सुमारे २२.६ पट लहान आणि जवळजवळ १५८ अंशांत फिरलेलं. त्याच्या आत पुन्हा तेच.

गणिताने काढलेली जाळी एशरच्या हाताने काढलेल्या जाळीशी कमालीची जुळते. हे वाचून मी खरंच गप्प झालो. ज्याला सूत्र माहीत नव्हतं, त्याचा हात त्याच्याजवळ पोचला होता!

मग चित्र आता पूर्ण झालं का? मला नाही वाटत. कॉम्प्युटरही शेवटी एका पिक्सेलपाशी थांबतोच, फक्त आपल्याला ते दिसत नाही. एशरने आपण कुठे थांबलो ते स्वच्छ दाखवलं, तेही सहीनिशी.