पैवस्तीपासून पोचपावतीपर्यंत : संदेश-रांगेचा इतिहास आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना

परभणीतील कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. शासकीय कार्यालयांत या कामाला आजही बारनिशी म्हणतात. अर्जदार अर्ज देतो, लिपिक त्यावर शिक्का मारून क्रमांक घालतो, दुसऱ्या प्रतीवर पोच देतो आणि अर्जदार आपल्या वाटेने निघून जातो. ज्या अधिकाऱ्याने तो अर्ज वाचावयाचा, तो त्या क्षणी जागेवर असण्याची गरज नसते. अर्ज आता अर्जदाराच्या हातात राहिलेला नाही आणि अधिकाऱ्याच्या हातात पडलेलाही नाही. तो मधल्या टेबलाच्या ताब्यात आहे.

बँका, रेल्वे, विमा कंपन्या अशा मोठ्या संस्थांच्या संगणक प्रणालींमध्ये हाच व्यवहार अहोरात्र चालू असतो. एक आज्ञावली दुसरीला निरोप देते, पण थेट नव्हे. तो ती एका रांगेत ठेवते. या रांगेस 'मेसेज क्यू' अर्थात संदेश-रांग असे म्हणतात. संगणकशास्त्राचे अध्यापक तिच्याकडे एक तंत्र म्हणून पाहतात आणि इतिहासाचे अध्यापक बहुधा तिच्याकडे पाहतच नाहीत. वास्तविक दळणवळणाच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे प्रकरण आहे. या इतिहासाची मांडणी सामान्यतः वेगाच्या अंगाने केली जाते : आधी जासूद, मग रेल्वे, मग तार, मग संगणक. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ प्रश्न वेगाचा नसून, संदेश वाटेत असताना त्याची जबाबदारी कोणाची, हा आहे. या एकाच प्रश्नाच्या आधारे प्रस्तुत शोधनिबंधात संदेश-रांगेचा मागोवा घेतला आहे.

पैवस्तीची नोंद

मराठेशाहीतील पत्रव्यवहार अभ्यासणाऱ्यांना 'रवाना' आणि 'पैवस्ती' या दोन संज्ञा परिचित आहेत. पत्र निघाल्याचा चंद्र वेगळा आणि पोहोचल्याचा वेगळा. पत्र हाती येताच त्यावर पैवस्तीची मिती घालण्याचा प्रघात होता आणि त्यामुळेच कोणती बातमी कोणाला केव्हा कळली, हे संशोधकास आज सांगता येते. जासूद जोडीने धाडले जात. एक अडला तरी कागद थांबू नये, असा विचार त्यामागे दिसतो.

ही व्यवस्था तुटली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पानिपतचे आहे. अब्दालीने भाऊसाहेबांच्या रसदेबरोबर टपालही तोडले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी संग्राम झाला. त्यापूर्वी तीनच आठवडे नानासाहेब पेशवे पैठणला गोदाकाठी होते. पुढे ते उत्तरेकडे निघाले आणि संहाराची वार्ता त्यांना भेलशाजवळ सुमारे दहा दिवसांनी समजली; तीही सरकारी डाकेने नव्हे, तर एका सावकारी पत्रातून. राज्याच्या डाकेपेक्षा सावकारांची डाक अधिक भरवशाची ठरली, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याचा पैसा वाटेत असतो, तो वाट अधिक काळजीने राखतो.

तारघर आणि कायदा

भारतात तारेचा प्रयोग १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर झाला. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली हे जाळे वाढले आणि १८५५ मध्ये ते जनतेस खुले झाले. परभणीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजाम संस्थानाचे टपाल खाते स्वतंत्र होते. १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघत; परंतु त्यांची मान्यता संस्थानाच्या हद्दीपुरती होती. १९५० मध्ये हे खाते भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परभणीच्या माणसाला पुण्यास पत्र धाडावयाचे झाल्यास कोणत्या सरकारच्या पेटीत टाकावे, हाही एक विचार होता.

तारेचा संदेश विजेच्या वेगाने जातो, असा समज होता व आहे. प्रत्यक्षात तो थांबत थांबत जाई. मधल्या तारघरात तारमास्तर संदेश कागदावर उतरवून घेई, त्यावर क्रमांक, मूळ कचेरी, वेळ आणि शब्दसंख्या नोंदवी आणि पुढील तार मोकळी नसेल तर तो कागद ढिगात ठेवी. जादा आकार भरलेली तातडीची तार ढिगात वर जाई, साधी खाली राही. पत्त्यावरील इसमाची सही घेतल्याखेरीज काम पुरे झाले असे मानले जात नसे. आजच्या संदेश-रांगेतील जवळपास प्रत्येक घटक येथे उपस्थित आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. संदेशाचे शीर्ष, अग्रक्रम, साठवण आणि पोच हे सर्व मोंढ्यातील व्यापाऱ्याने भावासाठी केलेल्या तारेतही होते.

एक मात्र नव्हते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ९ नुसार तारेचा स्वीकार, प्रेषण किंवा वाटप यांत कर्मचाऱ्याने कसूर केल्यामुळे होणाऱ्या हानीस शासन जबाबदार नव्हते. १८९८ च्या टपाल अधिनियमातही कलम ६ अन्वये अशीच सूट होती आणि २०२३ च्या नव्या टपाल कायद्यानेही ती मूलतः कायम ठेवली आहे. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. ढिगातला कागद हरवला तर त्याची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नाचे उत्तर तिच्या हयातीत कायद्याने एकच दिले : ज्याने तार केली त्याने.

संगणकातील बारनिशी

तारेच्या ढिगाचे गणित संगणकापूर्वीच सुरू झाले होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगेच्या गणिताचा पाया घातला. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी संदेश साठवून पुढे धाडणाऱ्या जाळ्यांतील विलंबाचा अभ्यास केला आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरील पहिला संदेश निघाला. तो अर्ध्यात तुटला. दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला.

पलीकडचा बंद पडणे, हीच मोठ्या संस्थांची खरी अडचण होती. १९९३ मध्ये आयबीएम कंपनीने 'एमक्यूसिरीज' ही प्रणाली बाजारात आणली. तिची कल्पना बारनिशीचीच आहे. प्रेषक आज्ञावली संदेश रांगेच्या व्यवस्थापकाकडे सोपवते. व्यवस्थापक तो आधी तबकडीवर लिहून घेतो आणि मगच पोच देतो. पोच मिळताच प्रेषक मोकळा होतो. ग्राहक आज्ञावली सवडीने संदेश उचलते, काम पूर्ण करते आणि मग आपली पोच देते. ही दुसरी पोच येईपर्यंत रांग संदेश पुसत नाही.

येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. ग्राहकाने काम केले, पण पोच देण्यापूर्वीच वीज गेली, तर रांग तो संदेश पुन्हा देते. खात्यातून दोनदा पैसे वजा होऊ शकतात. म्हणून ग्राहकाने संदेशाचा क्रमांक पाहून 'हा कागद आपण आधी पाहिला आहे' हे ओळखले पाहिजे. अनुभवी बारनिशी लिपिक एकाच अर्जाची दुसरी प्रत ओळखतो, ती हीच सावधगिरी होय. जो संदेश वारंवार देऊनही स्वीकारला जात नाही, तो वेगळ्या रांगेत टाकतात. तिचे नाव 'डेड लेटर क्यू'. ब्रिटिशकालीन टपाल खात्यात पत्ता न लागणारी पत्रे ज्या कचेरीत जात, तिच्या नावावरून हे नाव आलेले आहे. संगणकशास्त्राने टपाल खात्याचे ऋण इतक्या उघडपणे क्वचितच मान्य केले असेल.

या इतिहासात महाराष्ट्रात जन्मलेल्या दोन व्यक्तींचे स्थान आहे आणि मराठी लेखनात त्याची चर्चा फारशी आढळत नाही. मुंबईत १९५७ मध्ये जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली. डेल स्कीन व इतर सहकाऱ्यांसह तेथे 'इन्फर्मेशन बस' ही प्रणाली घडली. वॉल स्ट्रीटवरील दलालासमोर तेव्हा प्रत्येक माहितीसाठी वेगळा पडदा असे. या प्रणालीत संदेशावर पाठवणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव नसे, विषय असे. ज्याला तो विषय हवा, त्याने तो ऐकावा. १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी घेतली आणि १९९७ मध्ये त्यातून टिबको उभी राहिली.

दुसरे नाव नेहा नारखेडे यांचे. पुण्यात वाढलेल्या आणि पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या पदवीधर असलेल्या नारखेडे यांनी लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासमवेत 'काफ्का' ही प्रणाली निर्माण केली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी स्थापन केली. प्रणालीचे नाव लेखक फ्रान्झ काफ्का यांच्यावरूनच आहे. ज्याच्या कथानायकांना कचेरीच्या दारातून आत जाता येत नाही, त्याचे नाव निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणेला मिळावे, हा योगायोग गमतीचाच.

काफ्काने रांगेच्या कल्पनेत मूलभूत बदल केला. येथे वाचलेला संदेश पुसला जात नाही. प्रत्येक संदेश आला त्या क्रमाने वहीच्या शेवटी लिहिला जातो आणि ठरावीक मुदतीपर्यंत तसाच राहतो. आपण कोठपर्यंत वाचले याची खूण प्रत्येक वाचक स्वतः ठेवतो. पेशवे दफ्तर पाहिलेल्या अभ्यासकास ही रोजकीर्द ओळखता येईल. रोजकीर्दीत घडेल तसे लिहावयाचे आणि खतावणी ज्याने त्याने आपापली उतरवावयाची. एका खतावणीत चूक झाली तरी मूळ रोजकीर्द शाबूत असल्याने ती पुन्हा उतरवता येते. पूर्वीची संदेश-रांग टपालपेटीसारखी होती, काफ्का दफ्तरासारखी आहे. पेटी रिकामी झाली की तिच्यातून काय गेले, हे कोणी सांगू शकत नाही. दफ्तर मुदतीपर्यंत साक्ष देते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद इतरांपेक्षा अधिक जाणवावा.

अडकलेला संदेश

बँकांचे आंतर-व्यवहार आज संदेशांवरच चालतात. हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेने २००१ मध्ये एसएफएमएस ही वित्तीय संदेश प्रणाली सुरू केली आणि एनईएफटीचे संदेश तिच्यावरूनच धावू लागले. परभणीच्या ग्राहकाने पैसे पाठवले आणि समोरच्यास मिळाले नाहीत, तर तो पैसा हरवत नाही. बहुतेक वेळा एखादा संदेश कोठेतरी थांबलेला असतो. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने अशा व्यवहारांची मुदत ठरवून दिली. यूपीआयद्वारे पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा न झाल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत व्हावी, अन्यथा पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता द्यावी, असे त्यात म्हटले आहे. १८८५ च्या कलम ९ शेजारी हे परिपत्रक ठेवून वाचले, तर १३४ वर्षांत वाटेतल्या संदेशाची जबाबदारी प्रेषकाकडून यंत्रणेकडे किती सरकली, हे स्पष्ट होते. ती पैशाच्या संदेशापुरतीच सरकली, हेही लक्षात घ्यावे लागेल.

अर्जाच्या संदेशाला अशी मुदत सर्वत्र नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावरून पुढे गेला. पडद्यावर 'यशस्वीरीत्या पाठविला' अशी ओळ आली. तिने त्या ओळीची छापील प्रत काढून जपून ठेवली. ती प्रत पहिल्या पोचेची होती. दुसरी पोच कधी आलीच नाही. वर्ष संपले तेव्हा पुढील कार्यालयाने अर्ज मिळालाच नसल्याचे सांगितले. तिच्याकडे क्रमांक होता, आमच्याकडेही तोच क्रमांक होता आणि तो संदेश नेमक्या कोणत्या टेबलाच्या ताब्यात आहे, हे दोन्ही कार्यालयांतील कोणासही सांगता आले नाही. आमच्या नोंदवहीत त्या अर्जापुढे जावक क्रमांक व दिनांक आजही आहे. त्याशेजारी पोच मिळाल्याच्या तारखेचा रकाना कोरा आहे.