दिंडीच्या ट्रकमधला गॅस सिलिंडर : व्हॉल्व्ह लीक झाला तर काय करायचं?

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते. सोबतच्या दिंड्यांच्या ट्रकमध्ये सामान आणि सिलिंडर एकत्रच असतात. म्हणून हे माहीत हवंच.

व्हॉल्व्ह कसा चालतो?
आत स्प्रिंगवर पिन असते. रेग्युलेटर चालू केला की पिन दाबली जाते आणि गॅस सुटतो. रेग्युलेटर काढला की स्प्रिंग पिन परत वर ढकलते, गॅस बंद. बाजूने गॅस निसटू नये म्हणून रबरी रिंग असते. ती झिजली किंवा पिनपाशी कचरा अडकला की लीक सुरू.

कसं तपासायचं?
साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे लीक. काडी पेटवून कधीच बघू नका.

लीक सापडला तर?
१. जवळच्या शेगड्या विझवा.
२. रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप घट्ट बसवा.
३. सिलिंडर उभाच ठेवून मोकळ्या जागी न्या.
४. एलपीजी हवेपेक्षा जड, ट्रकच्या तळाशी साचतो. त्यामुळे तिथे इंजिन, स्विच, मोबाइल नको. लांब जाऊन १९०६ वर फोन करा.

स्वतः दुरुस्त करू का?
नाही. पिन टोचू नका, व्हॉल्व्हला पाना लावू नका. रिंग एजन्सीचा माणूस बदलतो. व्हॉल्व्हच खराब असेल तर सिलिंडर बदलून घ्या.