भरलेले हात

माझे आजोबा रायगडातल्या आमच्या गावी तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात आम्हा बेने इस्रायली ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणायचे. त्यामुळेच असेल, बायबलमधली, मोशेचा भाऊ अहरोन याच्या याजकपदाच्या दीक्षेची हकिगत वाचताना माझी नजर आधी अभिषेकाच्या तेलावर जाते. गंधरस ५०० शेकेल, तज ५००, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०. हे झाले सुमारे १७ किलो. आणि जैतुनाचं तेल एकच हिन, फार तर सहा लिटर. एवढ्याशा तेलात एवढा जिन्नस मुरेल कसा? तालमूदच्या पंडितांनीही हीच शंका काढली. एकाच्या मते मुळ्या पाण्यात भिजवायच्या, वर तेल ओतायचं आणि वास ओढून घेतलेलं तेल अलगद काढून घ्यायचं. आजोबांना ही रीत पटली असती.

तरी या विधीचं नाव तेलावरून पडलेलं नाही. हिब्रूत त्याला ‘मिल्लुईम’ म्हणतात, म्हणजे भरणं. याजक नेमणं म्हणजे त्याचे हात भरणं. ओटी भरणाऱ्या आपल्या भाषेला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेने अहरोनाला आणि त्याच्या चार मुलांना अंघोळ घातली, वस्त्रं चढवली. गोऱ्हा पापबलीचा, पहिला मेंढा होमबलीचा. दुसरा मेंढा हात भरण्याचा. त्याचं रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला लावलं. मग चरबी, उजवी मांडी आणि टोपलीतल्या तीन तऱ्हेच्या बेखमीर भाकरी त्यांच्या तळहातांवर ठेवून ओवाळल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. पद आधी अंगाला कळतं, ओझं होऊन.

पुढे सात दिवस त्यांनी दार सोडायचं नव्हतं. मांस तिथेच शिजवायचं, तिथेच खायचं, उरलेलं जाळायचं. आठव्या दिवशी अहरोन स्वतः वेदीपाशी गेला.

तोवर याजकाचं सगळं काम मोशेनेच केलं होतं. त्या दुसऱ्या मेंढ्याच्या वेळी ‘त्याने कापला’ या शब्दावर ‘शल्शेलेत’ नावाची लांब, हेलकावणारी स्वरखूण आहे. सबंध तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, ती फक्त चार ठिकाणी येते. आमच्या मशिदीत (जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत) हा पाठ चालू असताना मी त्या शब्दाची वाट बघतो. मोशेचा हात अडखळतो आहे, असंच मला ऐकू येतं.

कारण हे काम आता त्याच्या हातून जाणार होतं. त्या मेंढ्याचा ऊर मोशेच्या वाट्याला आला. पुढे ऊर अहरोनाच्या वंशाचा झाला. मोशेच्या मुलांची, गेर्शोम आणि एलियेजर यांची, गणती याजक नसलेल्या साध्या लेव्यांत झाली.